दामूला दिलेला पाच-नऊ

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. बिडी कधी सुटली, परत कधी लागली, मिलमधून किती बल्ब घरी आले, सगळं. पण हे नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज तुमच्यापुढे बसलोय खरा, पण जरा आडवळणाने येईन. सरळ येता आलं असतं तर इतकी वर्षं लागली असती का?

मी मिलमधला वायरमन. राहायला लालबागला, चाळीत. संप सुरू झाला, लांबला, आणि तो संपला असं आम्हाला कुणी येऊन सांगितलंच नाही. रेडिओ दुरुस्ती मला आधीपासून यायची, त्यावर घर चाललं. आणि एक खूळ होतं — हॅम रेडिओ. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, स्वतःचा वायरलेस सेट घेऊन, हवेतून एकमेकांशी गप्पा मारायच्या. निव्वळ हौस. आमच्या गटातले बाकीचे दादर-माहीमचे शिकलेले लोक होते. गिरणगावातला मी एकटा.

मग दामू आला. समोरच्या चाळीतला, मालवणकडचा, साचेखात्यात माग चालवणारा. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेली, त्यामुळे बोलायचा मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून. संपात घरी बसून डोकं फिरायची पाळी आली तेव्हा माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागला. त्याला मी मोर्स, म्हणजे तारेची ती टिंब-रेघांची भाषा, शिकवला. काय उचलला त्याने. दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाला. त्याचा मेहुणा बोटीवर होता, त्याने हातात मावेल असा सेट आणून दिला. दामू तो रुमालात गुंडाळून ठेवायचा.

रोज संध्याकाळी सातला आमची हजेरी असायची. दादरचे एक डॉक्टर, आमच्यातले सगळ्यांत वडील, एकेकाचं नाव पुकारायचे. ज्याने त्याने उत्तर द्यायचं, चार शब्द बोलायचे. दामू त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर जायचा. रेडिओवर शर्ट कोणाला दिसतो रे, म्हणून मी चिडवायचो. तो म्हणायचा, "माका दिसता मा." डॉक्टर त्याला दामोदरपंत म्हणायचे. आमच्याकडे त्याला तसं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

एकदा त्याच्या सेटचं बोलायचं बटण अडकायला लागलं. माझ्याकडे दिला. दोन मिनिटांचं काम. उघडला, साफ केला, बटण मोकळं झालं. झालंय का बघावं म्हणून दाबून धरलं — आणि एरियल काढून टेबलावर ठेवलेली.

तुम्हाला यात काय ते कळणार नाही, म्हणून सांगतो. एरियल नसताना बटण दाबायचं नाही, हा आमच्यातला पहिला धडा. आतली ताकद बाहेर जायला वाट मिळत नाही, ती आतल्या आतच शेवटचा ट्रान्झिस्टर जाळते. हा धडा दामूला मी शिकवलेला, तीन-तीनदा, मास्तरासारखं बोट नाचवून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

जळल्याचा आवाज नाही, वास नाही. एरियल लावली, सेट ऐकत होता छान. पण बोलताना ताकद मोजायला आम्ही एक छोटा बल्ब जोडतो. तो पेटलाच नाही. बॅटरी बदलून पाहिली, जोडण्यांना पुन्हा डाग दिला, एरियल दुसरी लावली. एकेक शक्यता काढून टाकत गेलो आणि शेवटी उरलो मीच. तो ट्रान्झिस्टर लॅमिंग्टन रोडच्या रेडिओ-बाजारात कुठेच मिळेना. परदेशी माल, परत कुणी बोटीवरूनच आणायचा.

सांगून टाकायचं ना? एवढंच होतं — दामू, सेट माझ्या हातून जळला. तो काय म्हणाला असता? मरांदे रे, म्हणाला असता. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी हजेरीत सगळ्यांदेखत सांगितलं होतं की बबनरावांच्या हाताला गुण आहे, आपले सेट ह्यापुढे त्यांच्याकडेच द्या. मला बबनराव म्हणाले होते. ते नाव मला सोडवेना.

मी सेट रुमालात गुंडाळून परत दिला. संध्याकाळी गच्चीवरून त्याने मला सेटवर हाक मारली, "बबन्या, माझो आवाज कसो येता?" मधे फक्त रस्ता. जळलेल्या सेटमधूनही दोनशे पावलं आवाज जातो, त्यापुढे नाही. आवाज किती स्वच्छ आणि किती जोराचा, हे आम्ही दोन आकड्यांत सांगतो. उत्तम म्हणजे पाच-नऊ. आमच्यात भिडेखातर कुणीही कुणालाही पाच-नऊ देतं, जसं पाहुण्याकडचा चहा कसाही असला तरी छान म्हणायचा. मी म्हणालो, पाच-नऊ.

सातला डॉक्टरांनी पुकारलं. दामोदरपंत? दामूने उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले, दिसत नाहीत आज, आणि पुढच्या नावावर गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दामू मला पुन्हा पुन्हा विचारायचा, नीट येतो ना? मी म्हणायचो, एकदम पाच-नऊ. मग बिचाऱ्याने काय समजावं? सेट चांगला, मित्र शपथेवर सांगतोय. म्हणजे ऐकणाऱ्यांनाच ऐकायचं नाही.

थांबा, इथे मी खोटं बोलतोय. हे त्याला आपसूक नाही सुचलं. तो तर म्हणत होता, दादरला जाऊन डॉक्टरांना भेटतो, सेट दाखवतो. मी घाबरलो. त्यांनी सेट तपासला असता तर? म्हणून मी म्हणालो, "कशाला जातोस? मोठ्या लोकांचं काय सांगावं. गिरणीवाला त्यांना किती दिवस चालणार?"

ही माझी वाक्यं. त्या डॉक्टरांच्या मनात तसलं काही नव्हतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं. दामूचा चेहरा उतरला. रुमालाची घडी घालत बसला.

तरी इस्त्रीचा शर्ट घालून तो अजून आठवडाभर गच्चीवर गेला. शेवटच्या दिवशी डॉक्टर हजेरीत म्हणाले की त्यांच्या भावाच्या फोर्टमधल्या जहाजाच्या ऑफिसात वायरलेसवर बसायला माणूस हवाय. मोर्स येणारा, स्पष्ट बोलणारा. म्हणाले, "मला दामोदरपंतांची आठवण झाली. असाल तर उत्तर द्या, उद्याच माणूस ठरवायचाय." दामू बोलला. माझ्या सेटवर मी ऐकत होतो — "सर, मी आहे. मी येतो." तीन वेळा बोलला. 

मग डॉक्टरांनी विचारलं, दामोदरपंत कुणाला ऐकू येतायत का? आमच्यात रीत आहे, एकाचा आवाज पोचत नसेल तर ज्याला ऐकू येतो त्याने मधे पडून निरोप पुढे द्यायचा. शत्रू असला तरी देतात. माझा अंगठा बटणावर होता. नुसतं दाबायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, त्यांच्या सेटला काय झालंय बबनराव? मी अंगठा काढला. डॉक्टरांनी पुढचं नाव घेतलं.

त्या संध्याकाळी दामू माझ्याकडे आला, तू मधे का पडला नाहीस म्हणून विचारायला. मी सांगितलं, बॅटरी उतरली होती, माझा सेट बंद होता. त्याने मान हलवली; चौघांदेखत बोलवायचं आणि उत्तर दिलं की ऐकू येत नाही म्हणायचं, असाच त्याने अर्थ लावला. सेट विकला नाही की फोडला नाही, माळ्यावर टाकला. नंतर बंद पडलेल्या मिलच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागला, बारा-बारा तास. पुढे गावी गेला. डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं, तुमचे ते मित्र कुठे असतात हो, फार गोड माणूस. मी म्हणालो, आवड गेली त्यांची.

दामू अजून आहे. कधीही फोन करता येईल. पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं लग्न दादरला झालं, मला अगत्याने बोलावलं. स्टेजवर गेलो तर दामूने तिला पुढे केलं आणि त्याच त्या मोठ्या, सुट्या आवाजात म्हणाला, "पाया पड ह्यांच्या. सगळ्यांनी माका टाळल्यानी, ह्यो एकटो माझ्याशी खरो वागलो."

पोरगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.