जिन्यात बसलेली डॉक्टर

आमच्या वरच्या मजल्यावरची नाजिमा कुत्र्या-मांजरांची डॉक्टर. कसबा पेठेतल्या तिच्या दवाखान्यात टेबल नाही, पांढरा कोट नाही. ती सतरंजीवर जनावराकडे पाठ करून बसते आणि त्याने आपण होऊन जवळ यायची वाट बघते. आमच्या खंड्या कुत्र्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी विचारलं, "तपासणार आहेस, की आज नुसतं ध्यान?" ती हसली. खंड्याने तिला हुंगलं, तिने पुढे केलेली दह्याची ताटली चाटायला घेतली, आणि त्या नादात सुई कधी टोचली ते त्याला कळलंही नाही. आधीच्या ठिकाणी त्याला चार माणसं दाबून धरायची आणि तो भीतीने तिथेच मुतायचा.

नाजिमा सगळ्यांना एक गोष्ट बजावायची. आजारी जनावराला टोचायचं एकाने, जवळ घ्यायचं दुसऱ्याने. दोन्ही कामं एकाच माणसाने केली, तर जनावराला विसाव्याला जागाच उरत नाही.

घरी ती आणि तिची अम्मी, बिलकिसभाभी, दोघीच. आणि मलई नावाची मांजर. डोळेही न उघडलेलं ते पिल्लू नाजिमाने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. मलईला तिच्याशिवाय कुणी नको असायचं. मग म्हातारपणी मलईची मूत्रपिंडं बिघडली आणि रोज कातडीखाली सलाईन देणं आलं. भाभींचे हात थरथरतात. त्यामुळे सुई नाजिमाकडे गेली आणि मांडी अम्मीकडे. होता होता मलई नाजिमाची चाहूल लागली तरी पलंगाखाली शिरायला लागली.

"गावातली मांजरं हिच्याजवळ घोरतात आणि घरचीच पळते!" मी एकदा चिडून म्हणाले.

"तिचं बरोबर आहे काकू," नाजिमा म्हणाली. "सुईनेच ती जगतेय, हे तिला कुठे माहीत आहे?"

गेल्या थंडीत मलईने अन्नपाणी सोडलं. आता हाल नकोत, म्हणून नाजिमाने आपला वर्गमित्र डॉक्टर अनिरुद्ध याला शेवटचं इंजेक्शन द्यायला घरी बोलावलं. कळलं तशी मी वर गेले, तर ही दाराबाहेर, जिन्यात बसलेली.

आतून भाभींची हाक आली, "नाजिमा, ये गं आत. एकदा बघून घे तिला."

"नको अम्मी. मला बघितलं की ती उठायची धडपड करेल."

माझं डोकं फिरलं. "अगं, तू वाढवलीस तिला! आज कुठे तू तिला टोचणार आहेस?"

"ते तुम्हाला कळतं काकू. तिला कसं सांगू?"

मी तिच्या शेजारी बसले. आत भाभी मलईशी हळू आवाजात काहीबाही बोलत होत्या. रडण्याचा आवाज आत जाऊ नये म्हणून नाजिमाने ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मलाही भडभडून आलं होतं.

थोड्या वेळाने अनिरुद्ध दारात आला. "शांतपणे गेली. शेवटपर्यंत अम्मींच्या मांडीवर घुरघुरत होती."

नाजिमा उठून आत गेली. भाभींच्या मांडीवरून तिने मलईला उचललं, छातीशी धरलं आणि तिच्या कपाळावर ओठ टेकले.

मग ती म्हणाली, "अम्मी, बघ. आज नाही पळाली."