समोरच्याच्या ओटीवर

"चला, जागेवर जाऊ," असं म्हणत ते खुर्चीतून उठायचे. उठायचे म्हणणंही तसं बरोबर नाही, कारण ते बसलेले नसायचेच. पक्षकार आला की स्वतःची खुर्ची त्याला द्यायची आणि आपण खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत त्याचं ऐकायचं. ऐकता ऐकता मध्येच थांबून विचारायचे, "कुंपणाशी आंबा आहे म्हणता, तो कुणी लावला?" उत्तराला जरा उशीर झाला की चपला पायात आणि कोट हातावर.

पेणच्या दिवाणी कोर्टात ज्यांनी हेलपाटे घातले असतील, त्यांना हा माणूस आठवेल. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, काळा कोट अंगात कमी आणि हातावर जास्त. युक्तिवाद करतानाही त्यांचे पाय एका जागी ठरत नसत. एकदा न्यायाधीश म्हणाले होते, "वकीलसाहेब, जरा एका जागी उभे राहा, माझी मान दुखते." सगळं कोर्ट हसलं. ते दोन वाक्यं स्थिर उभे राहिले आणि तिसऱ्याला पुन्हा सरकले.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. पेणकरांना ते ठाऊक आहे. त्या नावाचं काय झालं हेही ठाऊक आहे. कसं झालं, ते मात्र फक्त मला ठाऊक आहे, असं मी परवापर्यंत समजत होतो.

जमिनीचे आणि धंद्याचे दावे हे त्यांचं काम. धरमतरच्या बाजूला खारजमिनीच्या बांधावरून एक भांडण होतं. त्यांचा पक्षकार म्हणे बांध माझा, शेजारी म्हणे माझा. साहेब पॅन्ट दुमडून बांधावर निघाले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. शेजारी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा होता तोच, धावत आला.

"अवो साहेब, हितं कायदा नाय चालत. हितं चिखल चालतो."

"मग आज चिखलाचं ऐकू," ते म्हणाले. "आधी मला वर काढा, नंतर तुमच्याविरुद्ध बोलतो."

त्याने त्यांना ओढून काढलं, रुतलेली चप्पल खणून काढली, खाडीच्या पाण्यात धुऊन पुढे ठेवली आणि घरी नेऊन पाणी दिलं. ते प्यायले. पुढे त्याच माणसाची उलटतपासणी त्यांनी अशी घेतली की तो घामाघूम झाला. बाहेर आल्यावर तोच म्हणाला, "चप्पल ऱ्हाऊ द्यायची व्हती मी."

वडखळच्या दोन भागीदारांनी हॉटेलच्या मधोमध पडदा लावून घेतला होता. साहेब एकाचे वकील. त्यांनी अर्धा चहा पडद्याच्या अलीकडे घेतला आणि अर्धा पलीकडे. "चहा दोन्हीकडे पातळच आहे," एवढंच म्हणाले. महिन्याभरात पडदा निघाला. चहा काही सुधारला नाही.

ही त्यांची पद्धत होती आणि ती चोरून नव्हती. दाव्यात एकदा तरी समोरच्याच्या ओटीवर जाऊन बसायचं. आधी त्याच्या वकिलाला फोन करायचा, मग आपल्या पक्षकाराला सांगायचं आणि सोबत चला म्हणायचं. "तिकडून बघितल्याशिवाय मला माझी बाजू दिसत नाही," असं ते म्हणत. जुने वकील नाक मुरडत. पक्षकार मात्र निमूट सोबत जात.

मी गेलो नाही.

माझा आणि माझ्या साडूचा भागीदारीत गणपतीचा कारखाना होता. जागा माझी, गिऱ्हाईक सांभाळणं माझं. मूर्ती घडवणं आणि डोळ्यांची आखणी त्याची. आमची एक बैठी मूर्ती होती, मान किंचित डावीकडे झुकलेली, कुणी हाक मारल्यावर वळून बघावं तशी. तिच्यासाठी मुंबईची मंडळं वर्ष वर्ष आधी येऊन सांगून जायची. आमचं फाटलं तेव्हा शेड कुणाची आणि त्या मूर्तीचे साचे कुणाचे, यावर दावा उभा राहिला. मी साहेबांना सांगितलं, साचे कारखान्याचे आहेत आणि कारखाना माझा आहे.

एक गोष्ट मी सांगितली नाही. ती मूर्ती साडूने भागीदारीच्या आधी, त्याचं लग्न झालं त्या वर्षी, स्वतःच्या घरी घडवलेली होती. पहिली मातीची मूर्ती अजून त्याच्या घरात होती.

"उद्या सकाळी तुमच्या साडूकडे जातो," साहेब म्हणाले. "त्यांच्या वकिलाला कळवलंय. तुम्ही चला."

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही."

"तुम्ही ओटीवर बसा. दारात मी ठेवतो."

मी नाही म्हटलं. पण चैन पडेना. सकाळी स्कूटर काढली आणि साडूच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे पिंपळाच्या आडोशाला उभा राहिलो. साहेबांच्या चपला पायरीखाली दिसत होत्या. थोड्या वेळाने सुमन, म्हणजे साडूची बायको आणि माझी मेहुणी, वाढलेलं ताट घेऊन माजघरातून ओटीकडे येताना दिसली. मी स्कूटर वळवली.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. त्या दिवशी ते येरझारा घालत नव्हते, खिडकीला पाठ लावून उभे होते.

"पहिली मूर्ती बघितली मी. तुम्ही मला हे सांगितलं नव्हतं."

मी टेबलावरचे कागद सरळ करू लागलो.

"साच्यांचा मुद्दा मी मांडणार नाही. खोटा आहे. शेडसाठी मात्र जीव तोडून भांडतो. पटत नसेल तर दुसरा वकील बघा, मी आत्ता सही करून देतो."

तुम्हीच लढा, अशी मी मान डोलावली. ते शेडसाठी खरोखर जीव तोडून भांडले. निकाल लागला. शेड मला, साचे साडूला. जे माझं होतं ते मला मिळालं होतं. पण कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मला फक्त ती वळून बघणारी मान दिसत होती, आणि ती आता साडूच्या शेडमधून मुंबईला जाणार होती.

कोर्टासमोरच्या टपरीवर नेहमीची माणसं होती. स्टॅम्पवाला, दोन-तीन कारकून, तारखेला आलेली मंडळी. कुणीतरी विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "काय होणार? आमचा वकील तिकडं जेवून आला होता."

एवढंच. दुसरं एक अक्षर नाही. ते मला सांगून गेले होते, मला बोलावत होते, दुसऱ्या बाजूच्या वकिलाला कळवून गेले होते, यातलं काही मी बोललो नाही. टपरीवर कुणी काही विचारलंही नाही. स्टॅम्पवाल्याने फक्त "हां" म्हटलं आणि चहाचा ग्लास खाली ठेवला.

घरी बायकोला कळलं तेव्हा ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमाला सांगून गेला व्हता ना तो?"

"जेवला तर होता. खोटं काय बोललो मी?"

तिने पुढचं भांडं घासायला घेतलं. हाच माझा आधार झाला. वाक्य खरं आहे. पुढची सगळी वर्षं मी त्या आधारावर टेकून झोपलो. नीट झोप मात्र एकदाही लागली नाही.

गाव लहान. आठवड्यात ते वाक्य बाजारातून फिरून आलं तेव्हा त्याला पाय फुटले होते. कुणी म्हणे जेवणाबरोबर आणखी काही मिळालं. पक्षकार एकेक करून निघू लागले. वकील बदलायचा तर जुन्या वकिलाची ना-हरकत लागते. साहेबांनी प्रत्येकाला सही दिली, उभ्या उभ्या, कारण न विचारता. खारजमिनीचा तो पक्षकारही गेला. मग एके दिवशी खोलीला कुलूप दिसलं. कळलं की ते रोह्याला वकिली करतात.

मी रोह्याला गेलो, पण फार उशिरा. बायको गेल्यानंतर. पेणहून गाडीत बसलो, नागोठणं गेलं, निडीला गाडी खूप वेळ थांबली आणि तिथेच उतरून परत फिरावं असं दोनदा मनात आलं. रोह्याच्या कोर्टाबाहेर ते भेटले. केस पांढरे, कोट तसाच हातावर. मला बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शेड गळते का अजून? पश्चिमेकडची बाजू कच्ची होती."

"साहेब, मी त्या दिवशी टपरीवर…"

"मला नका सांगू," ते म्हणाले. "मला माहीत आहे. ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

आवाजात राग नव्हता. त्यांच्या मागे एक म्हातारी कागद घेऊन ताटकळत उभी होती. ते तिच्याकडे वळले आणि तिला घेऊन चालू लागले.

मी पेणला परतलो आणि कुणालाही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तोवर टपरी रस्त्याच्या कामात गेली, स्टॅम्पवाला वारला. मागच्या पावसाळ्यात साहेब गेल्याची बातमी आली. पेणच्या वकिलांनी छोटी शोकसभा ठेवली. एक जण बोलला, "माणूस हुशार. झालं गेलं ते आता काढायचं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी उभा राहिलो. "ते मला सांगून गेले होते," म्हणालो. "मीच बोलावणं नाकारलं." पुढच्या रांगेतल्या एका तरुण वकिलाने माझा हात धरला. "बसा काका, पाणी देऊ का?" मला दुःख आवरत नाही असं त्याला वाटलं असावं. मी बसलो.

त्या दिवसापासून पाय घरात ठरेनात. ज्यांना सांगितलं त्यांच्यातलं कोण उरलं आहे, ते शोधत फिरलो. दोघे सापडले. एकाला ऐकू येत नाही. दुसरा म्हणाला, "तवा बोलायचं व्हतंत." शेवटी राहिलं एकच घर, जिथल्या माणसांना मी कधी काही सांगितलं नव्हतं, पण ज्यांच्या अन्नाला मी लाच म्हटलं होतं.

साडू आता अंथरुणावर आहे, माणसं ओळखत नाही. ओटीवर सुमन तांदूळ निवडत होती. इतक्या वर्षांनी मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"या भावोजी. बसा."

मी बसलो आणि सगळं बोललो. तिने मध्ये टोकलं नाही. शेवटी मी म्हणालो, "पण सुमन, जेवले तर होते ना ते? तेवढं तरी मी खरं बोललो."

तिने मान हलवली.

"नाय वो. ताट वाढून आणलं मी. आळूचं फतफतं केलं व्हतं. त्यांनी ताटाला हात जोडले. म्हनाले, वहिनी, दावा चालू हाय तवर फक्त पाणी. निकाल लागला की जेवायला येतो, बोलवायची वाट नाय बघनार."

"मग?"

"मग काय. निकाल लागला आनि तुमी त्यांना आधीच जेवून आलेलं ठरवलंत. कुठल्या तोंडानं येतील?"

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. आत साडू खोकला. "ते ताट मग आमी दोघांनी खाल्लं," ती म्हणाली, आणि खाली मान घालून खडे वेचू लागली.