कोणाला काय मिळालं?

“ठीक आहे, पण कोणाला काय मिळालं?” आमचे विज्ञानाचे सर चष्मा कपाळावर ढकलून हा प्रश्न कोणालाही विचारत. मुख्याध्यापकांना सत्कारात शाल मिळाली तरी, माझ्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण गेलं तरी. अशा माणसाशी लग्न कोण करणार? भाईंदरला गोडदेवच्या एका खोलीत एकटे राहत आणि खाली खानावळीत जेवत.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. सगळ्या जगाचे पेपर तपासायला जणू ह्यांचीच नेमणूक. भाईंदरच्या त्या मराठी शाळेत मी भाषा शिकवायची, म्हणजे त्यांच्या मते काहीच शिकवत नव्हते.

निसर्गातल्या सोबतीचा धडा त्यांचा लाडका. फळ्यावर तीन ओळी काढत. पहिली, दोघांचा फायदा: मसाल्यातलं दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार, एक घर देतं, दुसरं जेवण. दुसरी, एकाचा फायदा, दुसऱ्याचं काही जात नाही: म्हशीमागून किडे टिपत चालणारा बगळा. तिसरी, एकाचा फायदा, दुसऱ्याचा तोटा: उवा.

“चौथी ओळ नाही,” ते बजावत. “निसर्गात उपकार नसतात.”

एका जूनमध्ये एका पोराने हे ज्ञान घरी नेलं. आईला म्हणाला, आपल्या मसाल्यात बुरशी आहे. आई रत्नागिरीची. तिने मे महिन्यात केलेला वर्षाचा मसाला उकिरड्यावर ओतला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

“सर, मी काय पोरांना बुरशी खायला घालते?”

“घालताच. दगडफूल जन्मभर खाताय. पण ताई, मसाला फेकून कोणाला काय मिळालं?”

बाई रडायलाच लागली. रविवारी सरांनी स्वतः मिरच्या आणि सगळं सामान आणलं, कांडपाच्या रांगेत उभे राहिले आणि डोळे लाल करून मसाला तिच्या घरी पोचवला. सोमवारी मी विचारलं, “तुम्हाला काय मिळालं, सर?”

“शिंका,” ते म्हणाले.

पुढे शाळेचा पट घसरला. पालक मुलांना इंग्रजी शाळेत घालत होते आणि आम्ही शिक्षक त्यावर हळहळत होतो. आमची मुलंही तिथेच होती. एक शिक्षक जास्त ठरला. नियमाने सर्वांत नवी मी, म्हणून दूर शहापूरच्या पलीकडच्या शाळेत मी जायचं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी तीन वर्षांची. मी स्टाफरूममध्ये हुंदके देत बसले.

“रडून कोणाला काय मिळालं?” सर म्हणाले. मला त्यांचा संताप आला. दुसऱ्या दिवशी कळलं, माझ्याऐवजी आपल्याला पाठवा असा अर्ज त्यांनी देऊन टाकला होता.

“सर, तुम्हाला काय मिळणार त्यात?”

“चांगली हवा. इथे काशीमीऱ्याच्या हायवेवरच्या ट्रकांच्या धुरात दगडफूल जगत नाही. तिकडे झाडाझाडावर आहे म्हणतात.”

“आणि तोटा?”

“काही नाही. मी म्हैस, तुम्ही बगळा. दुसरी ओळ.”

मला ते खरं वाटलं. सोयीचं असलं की मला काहीही खरं वाटतं.

दर मे महिन्यात कोणाच्या तरी हाती दगडफुलाची पुडी यायची. वर चिठ्ठी: ‘बुरशी पाठवली आहे.’ चार वर्षं आली. मी एकदाही भेटायला गेले नाही. जाणार होते, हे सांगण्यात आता अर्थ नाही.

पाचव्या वर्षी पुडी आली नाही, म्हणून मी त्या शाळेत फोन केला. क्लार्क म्हणाला, सर एप्रिलअखेरीसच वारले. सुट्टी लागली होती, खोली गावाबाहेर. दोन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आलं. गोडदेवला असते, तर सकाळी चहाला उतरले नाहीत म्हणून खानावळवालीने लगेच दार ठोठावलं असतं.

शाळेत माणसं कमी, म्हणून सहावीचं विज्ञान आता मीच घेते. त्याच तीन ओळी काढते. तिसऱ्या ओळीला पोरं उवा सांगतात, जंत सांगतात, आणि मग ओरडतात, “बाई, अजून एक सांगा ना!”

मला एक ठाऊक आहे. पण सरांनी तिला बगळा म्हणून दुसऱ्या ओळीत घातलं होतं. तेवढं एकच त्यांनी चुकीचं शिकवलं.