एकाचा झाला नऊ

उल्का टिपणीस नागपूरची. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात, आणि जर्सी सिटीत आल्यावर ओळख काय, तर यतीनची डिपेंडंट! नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरीची बंदी. फुकट राबायला मात्र कुणाची ना नाही. म्हणून २००५च्या उन्हाळ्यापासून ती मंगळवारी-गुरुवारी ट्रेननं पाऊण तासावरच्या एका छोट्या म्युझियममध्ये जायची आणि तळघरातल्या लॅबमध्ये मातीची पूड करायची.

माती कसली, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या शेगड्यांची. आपली कोळशाची शेगडी डोळ्यांसमोर आणू नका. तिकडे युरोपात थंडीसाठी माणसापेक्षा उंच शेगडी बांधायचे आणि तिला बाहेरून हिरव्या झिलईच्या नक्षीदार टाइल्स लावायचे. म्युझियमकडे अशा आठ टाइल्स होत्या. कुठल्या गावच्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गावोगावच्या मातीत कुठलं मूलद्रव्य किती, याचं प्रमाण वेगळं असतं. टाइलच्या मागून चिमूटभर माती कोरायची, खलात बारीक करायची, बाटलीवर नंबर घालून दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या लॅबला धाडायची. जुन्या भट्ट्यांपाशी सापडलेल्या खापरांशी ती जुळली, की गाव सापडलं.

काम उल्काला आवडायचं. जीव नकोसा व्हायचा तो तिथल्या शांततेनं. लॅबची प्रमुख हेलन, साठीची, सज्जन बाई. आली की गोड हसायची, हळूच दार लावायची आणि शेजारच्या टेबलाशी मिठाची गुळणी धरून बसायची. दिवसभर! बाकीचे तर चवड्यांवर चालत यायचे-जायचे. घरी यतीन “खूप दमलोय यार” म्हणून टीव्ही लावायचा. आठवड्यात आपण किती वाक्यं बोललो, हे उल्का एकदा मोजायला बसली आणि रडू आलं तसा तिनं तो नाद सोडला.

एप्रिलमध्ये कुणीतरी नववी टाइल भेट दिली. हिचीही माती पाठव, अशी हेलननं टेबलावर चिठ्ठी ठेवली. बोलणं नाहीच, चिठ्ठी! टाइलची मागची बाजू इतकी भुसभुशीत, की उल्कानं तिला हातच लावला नाही. आठच बाटल्या पाठवल्या. हेलनला सवडीनं सांगू म्हणाली आणि ते राहूनच गेलं.

जूनमध्ये निकाल आला. हेलन अक्षरशः धावत आली. “उल्का! नऊ नंबर जुळला! ऱ्हाईनकाठच्या भट्टीशी, अगदी तंतोतंत!” एक नंबरचा निकालच नव्हता, पण तो नमुना वाटेत हरवला असेल म्हणे. हेलननं दोन कप कॉफी आणली, खुर्ची ओढली आणि बोलत सुटली. मांजराबद्दल, वारलेल्या नवऱ्याबद्दल. उल्काच्या आईची चौकशी केली. नागपुरात उन्हाळा कसा असतो, विचारलं. उल्का अशी काही हुरळून गेली, की आपण नऊ नंबर पाठवलाच नव्हता, हे तिच्या डोक्यात शिरलं ते कॉफी संपल्यावर.

परत आलेल्या बाटल्या तिनं पाहिल्या. बाकीच्यांवर इंग्रजी आकडे, पण पहिल्या बाटलीवर तिच्याच अक्षरात होतं, १. खल फिरवताना ती दोनशे फेरे मराठीत मोजायची. त्या दिवशी हात जिभेच्या मागं गेला. आपला एक, त्यांचा नऊ! आता बोला!

गुरुवारी पुन्हा कॉफी आली. उल्कानं खरं सांगायचं टाळलं. सांगितलं, की ही खुर्ची पुन्हा पलीकडच्या टेबलाशी जाणार, हे तिला दिसत होतं. पण नवव्या टाइलखाली लावायची पाटी हेलननं छापायला काढली, तेव्हा तिला राहवेना. खोटी पाटी आणि तीही आपल्या हातानं? छे!

पुढच्या मंगळवारी तिनं कागदावर आकडा काढून हेलनपुढं ठेवला.

“हा नऊ,” हेलन म्हणाली.

“नाही. हा एक आहे. माझ्या भाषेतला.” मग तिनं सगळं सांगितलं.

हेलन चिडली नाही. तिनं विचारलं, “खल फिरवताना तू पुटपुटायचीस, ते काय?”

“आकडे. मी मोजत होते.”

हेलनचा चेहरा लाल झाला. “मला वाटायचं, तू प्रार्थना करतेस. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, तिच्याशी बोलू नका, तिला व्यत्यय नको.”

वर्ष! अख्खं वर्ष! उल्काला संताप आला, हसू आलं आणि मग डोळेच भरून आले. इंग्रजी कुठल्या कुठं पळालं.

“अहो बाई, बोलायचं होतंत ना माझ्याशी!” ती मराठीतच म्हणाली. “एकदा तरी बोलायचं होतंत!”

हेलननं कप अलगद खाली ठेवला, मान झुकवली आणि उल्काचं होईपर्यंत आदरानं गप्प बसून राहिली.