मास्तरांनी राखलेली तारीख

फौजेत मी क्लार्क होतो. बंदुकीपेक्षा फायलीच जास्त चालवल्या, पण परत येताना एक व्यसन बरोबर घेऊन आलो. आमचे एक साहेब संध्याकाळी मेसमध्ये जॅझच्या जुन्या तबकड्या लावायचे. मी सहीसाठी कागद घेऊन जायचो आणि सही झाली तरी दारातच रेंगाळायचो. सुभेदार होऊन निवृत्त झालो, पलूसला आलो, ऊस लावला आणि त्याच जॅझच्या सीडींचे संच मागवायला लागलो. एकेका पेटीत दहा-दहा सीडी, सोबत फोटोंचं जाडजूड पुस्तक. कुरियरवाला बायकोला विचारायचा, "सुभेदारांची औषधं हायती का?" ती म्हणायची, "तसंच समज."

पाहुणे आले की मी त्यांना हौसेनं ऐकवायचो. ते दोन मिनिटं माना हलवायचे आणि साखर कारखान्याचा विषय काढायचे. खरा ऐकणारा मला एकच मिळाला, आमच्या पेठेतले बँडमास्तर. त्यांचा सात जणांचा बँड होता आणि ते स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. वडिलांनंतर बँड त्यांच्याकडे आला होता. रविवारी सकाळी ते यायचे, डोळे मिटून बसायचे आणि त्यांची बोटं गुडघ्यावर आपोआप चालायची. मी पुस्तक उघडून कोण वादक कुठल्या गावचा, कुणाकडे शिकला हे सगळं सांगत सुटायचो. फार शहाणपणा करायचो. ते निमूट ऐकून घ्यायचे. एकदा एका संथ गाण्यात मधेच म्हणाले, "हितं बगा, त्येचा दम संपला हुता. पर सूर सोडला न्हाई गड्यानं." ती सीडी मी पन्नासदा तरी ऐकली असेल. मला ते कधी कळलं नव्हतं.

मग मुलाचं लग्न ठरलं. सोयरे सांगलीचे, बडे लोक. मुलगा म्हणाला, "पप्पा, डीजेच लावायचा. बँड लावला तर मित्र हसतील." मी दोन-तीनदा नाही म्हटलं, पण ते तोंडदेखलं. खरं सांगायचं तर लाल कोटातला, जुनी गाणी वाजवणारा बँड सोयऱ्यांपुढे नेताना मलाही कमीपणा वाटत होता. हे मी तेव्हा कुणापाशी कबूल केलं नाही, बायकोपाशीही नाही.

आमच्याकडे बँड ठरवायचा तर सुपारी द्यावी लागते. पण आमच्या मैत्रीत मास्तरांना मी सुपारी देणार कशी आणि ते ती घेणार तरी कशी? त्यांच्या घरी जाऊन मी लग्नाची पत्रिका दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, तारीख वाचली आणि म्हणाले, "ही तारीख राखून ठिवतो, सुभेदार." पत्रिका हीच सुपारी असं ते समजले, हे मला त्याच क्षणी कळलं. तोंड उघडायला एवढा मोका होता, पण मी म्हणालो, "या मग नक्की," आणि चप्पल घालून बाहेर पडलो. पुढचे चार रविवार ते आले नाहीत. लग्नसराई आहे, दमत असतील, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. ते आले नाहीत म्हणून मला बरंच वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला न्यायची वेळ झाली. दारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या उंचीचे स्पीकर रचून तयार होते. तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. आतून मास्तर आणि त्यांची माणसं उतरली. सगळ्यांचे कोट इस्त्रीचे, ढोलावर नवी झालर. मास्तरांनी ट्रॉलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फेटा नीट करत असल्यासारखं केलं. एवढा मोठा माणूस मी, फौजेत राहिलेला, आणि फेट्याआड तोंड लपवत होतो.

ते मागं वळून एवढंच म्हणाले, "कोट काढा रं. आज आपुन पाव्हणं हाय."

सातही जणांनी कोट काढून घड्या घातल्या. अक्षता टाकल्या, पंगतीला जेवले. मास्तरांनी मुलाच्या हातात आहेर दिला आणि तोंडभर आशीर्वाद दिला. डीजेनं दारांच्या काचा हादरत होत्या, त्यामुळे ते काय बोलले ते मुलालाही ऐकू आलं नाही.

त्यानंतर मला सीडींच्या पेटीला हात लावावासा वाटेना. तीन आठवड्यांनी मनाचा हिय्या करून मी त्यांच्या घरी गेलो. ते क्लॅरिनेट पुसत बसले होते. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली, आत चहा सांगितला. म्हणजे नेहमीसारखंच. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

"मास्तर, चुकलो मी," मी म्हणालो. "मला ठाऊक हुतं तुमी येणार. तरी बोललो न्हाई."

"जाऊ द्या वो. पोराची हौस हुती."

"पोराची न्हाई. मलाच लाज वाटली."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "तुमच्या पेटीतलं ते संथ गाणं न्हाई का, त्येच बसवलं हुतं आमी. म्हैनाभर लागला. माजी मानसं पार वैतागली, म्हनाली, मास्तर, ह्यावर नाचनार कोन?"

"मग आता ऐकवा की," मी म्हणालो. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"आता कुटलं? सगळी पांगली. दोघं कारखान्यावर लागली, ढोलवाला पुण्याला गेला." त्यांनी क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळलं. "त्येंना मी काय सांगितलं हुतं ठावं हाय? म्हनलं, कुनी न्हाई नाचलं तर न्हाई. नीट वाजवा. आज ऐकनारा मानूस हाय."