तात्यासोंच्या घराची पाहणी

दारात आलेला माणूस पाणीही न पिता परत गेला, तर तात्यासो चौगुले यांना त्या रात्री झोप लागत नसे. मूळचे ते हुपरीचे. निम्मे आयुष्य चांदीचे पैंजण घडवण्यात गेलेले. पुढे गृहकर्ज काढून त्यांनी कोल्हापुरात आमच्या शेजारी चार खोल्या बांधल्या. मग बाजारात यंत्रावरचे पैंजण आले, काम मंदावले, हप्ते थकले आणि गेल्या उन्हाळ्यात बँकेची जप्तीची नोटीस आली.

हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळावी, असा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले, 'परिस्थिती हलाखीची आहे.' तात्यासोंनी कागद परत सरकवला.

"हलाखी खोडा, सर. बँकेत आमच्या गावची माणसं हायत."

"मग काय लिहू?"

"जरा वढाताण हाय म्हणा."

अर्ज तसाच गेला. बँकेचे उत्तर आले : शुक्रवारी संध्याकाळी अधिकारी घरची परिस्थिती प्रत्यक्ष पाहतील, मग निर्णय होईल. घर आहे तसेच दिसू द्या, असे मी तात्यासोंना आणि त्यांच्या पत्नी अक्काताईंना पुन्हा पुन्हा बजावले. दोघांनी मान डोलावली.

शुक्रवारी गेलो, तर घर ओळखू येईना. विकलेल्या सोफ्याच्या जागी शेजारच्या तानाबाईंचा सोफा होता. पाटासमोर त्यांचेच चांदीचे ताट. खिडक्यांना आमचे पडदे होते. ते माझ्या पत्नीने मला न विचारता दिले होते.

"अक्काताई, हे काय?"

"पावण्यास्नी उघड्या घरात बसवू व्हय?"

"ते पाहुणे नाहीत. घर जप्त करायचं का, ते ठरवायला येताहेत."

"म्हणून काय उपाशी धाडायचं?"

अधिकारी ऋतुराज तरुण होते. त्यांनी काखेतली फाईल उघडायला घेतली, तोच तात्यासोंनी ती मिटवली. "साहेब, आम्ही जैन. दिस मावळायच्या आत जेवतो. उशीर करू नका, बसा."

तिसऱ्या पुरणपोळीवर तूप पडले, तेव्हा ऋतुराज पडद्यांकडे पाहत म्हणाले, "काका, तुमचं तर उत्तम चाललंय."

"देवाच्या दयेनं कायबी कमी न्हाय!"

शेजारच्या पाटावरून मी तात्यासोंच्या मांडीला चिमटा काढला.

"चिमटं का काढताय, सर?" तात्यासोंनी मोठ्याने विचारले.

एवढ्यात तानाबाई आत आल्या. "अक्काताई, तुमचं पावणं गेलं न्हवं? आमचं जावई आल्यात, सोफा लागतोय की." मग त्यांना साहेब दिसले. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. जेवू द्या त्यास्नी. ताट मागनं घासून द्या."

ऋतुराज यांचा घास हातातच राहिला. "ताटसुद्धा?"

"आन् पडदं सरांचं," तानाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

हात धुऊन ऋतुराज यांनी एक कोरा कागद काढला. "सामान शेजाऱ्यांचं आहे, एवढं लिहून सही द्या. सवलतीची शिफारस मी करतो."

तात्यासो ताठ झाले. "घर गेलं तरी चालंल. पावण्याला उसन्या ताटात जेवू घातलं, ह्याच्यावर माझी सही व्हायची न्हाय."

"कर्जात दुसरं नाव माझं हाय," पदराला हात पुसत अक्काताई पुढे आल्या. "कुठं करायची सही, साहेब?"

तात्यासो आठवडाभर अक्काताईंशी बोलले नाहीत. मात्र बँकेने हप्ता निम्म्यावर आणला आणि जप्ती टळली, तेव्हा ते स्वतः माझ्याकडे आले. त्यांच्या हातात नुकतेच घासलेले, स्वतःच्या घरचे स्टीलचे ताट होते.

"सर, साहेबास्नी फोन लावा. म्हणावं, ते जेवण धरू नका. येत्या शुक्कारी दिस मावळायच्या आत या."