बटरफ्रूटची रोपे आणि थंडीवरचा आळ

माझी बटरफ्रूटची, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोची, दहा रोपे थंडीने गेली, असे आमच्या घरात आजही सांगितले जाते. हे खोटे आहे. सांगणाऱ्यांचा हेतू मला सांभाळून घेण्याचा असेल. मला त्याची गरज नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीस एका स्नेह्याने निलगिरीहून त्या बिया आणल्या. झाड डोंगरावरचा गारठा सोसणारे होते. नागपूरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत मी अकरा रोपे वाढवली. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ती कमरेएवढी झाली.

डिसेंबरात आम्ही संत्र्याला ताण देतो. पाणी तोडायचे, पाने मलूल होऊ द्यायची. मग पाणी सोडले की झाड फुलावर येते. गड्याने विचारले, "मालक, त्या नव्या झाडाइले पानी देऊ का?"

"काहून गा? ते काय जावई हायेत?" मी म्हणालो.

पंधरवड्यात दहा वाळली. अकरावे धुण्याच्या दगडाजवळ होते. कपडे पिळल्याचे पाणी त्याला रोज मिळे. त्याच गारठ्यात ते हिरवे राहिले. आणखी पुरावा कशाला हवा?

थोरल्या भावाला मात्र ते अकरावे काढून तिथे संत्रे लावायचे होते. "थंडीनं दहा मेले, हेबी मरन," तो म्हणाला. तेव्हाच खरे सांगायला हवे होते. मी फक्त एक हिवाळा मागितला.

पावसाळ्यात त्या झाडाच्या फांद्या ओल्या वाळूत खोचल्या आणि सीताबर्डीहून आणलेल्या काचेच्या बरण्या त्यांवर पालथ्या घातल्या. "लोणचं घालून राहिले का, भाऊजी?" वहिनींनी विचारले. चौदांपैकी एकीलाच मुळ्या फुटल्या. दिवाळीनंतर ते कलम मी उत्तरेकडच्या उघड्या धुऱ्यावर, गारठा सर्वांत जास्त लागतो त्या बांधावर, लावले आणि हिवाळाभर पाणी दिले.

एका सकाळी भाऊ धुऱ्यावर आला. भोवतालची संत्री ताणावर होती. कलमाचे पान त्याने चाचपून पाहिले.

"याले ताण नाई देल्ला?"

"नाही."

"अन् त्या दहाइले?"

"देल्ला होता. म्याच सांगितलं होतं गड्याले."

त्या जागी संत्रे लावायचे त्याने सोडून दिले. दगडाजवळचे झाड राहिले. घरी मात्र तो शेवटपर्यंत थंडीचेच सांगत आला. आता तो नाही, म्हणून त्याचे सांगणे खरे ठरत नाही.